चूक हाताची की गिटारची?

इलेक्ट्रिक गिटारच्या दुकानात तीन पायऱ्यांची एक शिडी मांडलेली असते. खालच्या पायरीवर 'नवशिक्यांसाठी' म्हणून स्वस्त गिटारी, मधल्या पायरीवर थोडेफार येणाऱ्यांसाठी जरा बऱ्या, आणि वर, काचेआड, पारंगतांच्या. गिऱ्हाईक आत आले की पहिला प्रश्न 'किती वर्षं वाजवताय?' आणि उत्तराप्रमाणे पायरी ठरते. ही शिडी किमतीची आहे, कौशल्याची नव्हे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. या वाद्याशी माझी बरीच वर्षे झटापट झाली आहे. त्यातल्या फजित्या सांगत बसत नाही. त्यांतून जो हिशेब हाती आला तेवढा मांडतो. सूर बिघडला तर दोष बोटाचा की वाद्याचा, हे ज्याला कळते तो सदोष गिटारवरही निभावून नेतो. ज्याला ते कळत नाही त्याला सदोष वाद्य परवडत नाही. म्हणजे सगळ्यांत नीट जुळवलेली गिटार सगळ्यांत नवख्या हातात हवी, आणि दुकानात नेमके उलटे होते. नीट जुळवलेली म्हणजे महाग नव्हे, हेही लगेच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा वाद त्याच गैरसमजावर उभा आहे.

हा हिशेब मुख्यतः यशवंतपूरकरांसाठी. हे नाव ऐकून मराठी माणसाला ते सातारा जिल्ह्यात कुठे तरी असावे असे वाटते. प्रत्यक्षात तो बेंगळुरूच्या वायव्येचा गजबजलेला भाग: रेल्वेचे मोठे जंक्शन, बाजार समितीचे यार्ड, एका अंगाला भारतीय विज्ञान संस्था आणि दुसऱ्या अंगाला तुमकुर रस्त्याने पसरत गेलेली पीण्याची औद्योगिक वसाहत. या पट्ट्यात बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर, पुण्याकडून आलेली मुले-मुली पीजीत नाहीतर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, आणि पहिल्या-दुसऱ्या पगारात गिटार घेण्याची हुक्की इथे यायचीच, कारण शहरच तसे आहे. १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन आणि ३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका ज्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले ते इथून फार लांब नाही. 'थर्मल अँड अ क्वार्टर'सारखा बँड १९९६ पासून याच शहरात वाजवतो आहे. हा लेख त्या मुलामुलींसाठी, आणि सोलापुरात बसून 'तिला कोणती घेऊन देऊ' असे फोनवर विचारणाऱ्या त्यांच्या आईबाबांसाठी. पीण्यात काम करणाऱ्यांना तर जास्तीची एक सोय आहे. गिटारचा निम्मा प्रश्न फिलर गेज आणि व्हर्नियर कॅलिपरने सुटतो, आणि ती त्यांच्या ड्रॉवरमध्येच पडलेली असतात.

पुराव्यासाठी एकच गोष्ट जवळून पाहू: एफ कॉर्ड. शिकायला लागून महिना-दोन महिने झाले की हा कॉर्ड आडवा येतो. पहिल्या बोटाने पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीशी, सगळ्या तारा एकदम आडव्या दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढचे फ्रेट धरायचे. बोट दुखते, दोन तारा मुक्या राहतात, आणि जे वाजते ते किंचित चढलेले, बेसूर. शिकवणारे सांगतात, सराव कर, बोटात जोर येईल. बऱ्याचदा ते खरेही असते. पण खुंट्यांच्या अलीकडे जी पांढरी पट्टी असते, जिच्या खाचांतून तारा जातात, त्या नटकडे कुणी पाहत नाही. खाच जास्त खोल कापली गेली तर तार भणभणते आणि नटच बदलावा लागतो. म्हणून कारखान्यात, त्यातही स्वस्त गिटारवर, ती थोडी उथळच सोडतात. खाच उथळ म्हणजे तार उंच, आणि ती उंची सगळ्यांत जास्त जाचते ती नटला लागून असलेल्या पहिल्या फ्रेटवर. तार जास्त खाली ओढावी लागते, ओढली की ताणली जाते, ताणली की सूर चढतो. नवशिक्याला दोन गोष्टी जाणवतात, बोट दुखते आणि कॉर्ड बेसूर लागतो. दोन्हींचा अर्थ तो एकच लावतो, 'मला जमत नाही.' तपासणी अगदी सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटजवळ दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर ती किती उंच राहते ते पाहा. केसाएवढी फट असली की झाले. तिथून जाड कागद सहज सरकत असेल तर नट उंच आहे, आणि जाणत्या हाताला बारीक कानशीने तो उतरवायला अर्धा तास पुरतो. वीस वर्षे वाजवणारा माणूस ही गिटार हातात घेताच 'नट उंच आहे' म्हणून मोकळा होईल. सहा आठवडे वाजवणारा स्वतःच्या बोटांना दोष देत बसेल.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. मिरजेच्या सतारमेकरांकडे तंबोरा घ्यायला गेलेला माणूस जवारी लावून घेतल्याशिवाय तो उचलत नाही. घोडीचा माथा घासून तार तिच्यावर नेमकी किती टेकावी हे कारागीर कानाने ठरवतो, आणि ही जवारी काही काळाने उतरते, पुन्हा काढावी लागते, हेही गाणाऱ्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक असते. तंबोऱ्याला तारेचे ते घासणे हवे असते आणि गिटारला नको असते, एवढाच फरक. पण गिटार खोक्यातून येते म्हणून ती मिक्सरसारखी तयार वस्तू असावी असा समज होतो. इंडोनेशियाच्या किंवा चीनच्या दमट किनाऱ्यावर बनलेली ही लाकडी वस्तू कंटेनरमधून समुद्र ओलांडते, गोदामात पडून राहते आणि मग सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या बेंगळुरूत, फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत उघडली जाते. तिच्यावर सहा तारांचा मिळून सुमारे ४६ किलोंचा ताण असतो, सिमेंटच्या पोत्याहून थोडाच कमी. लाकूड हलते, मान वाकते, तारा उंच होतात किंवा फ्रेटला घासू लागतात. ही मान आतल्या सळईने सरळ करणे, ब्रिजवर तारांची उंची बसवणे, नटच्या खाचा उतरवणे आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर जुळवणे, या सगळ्याला मिळून 'सेटअप' म्हणतात. यात गूढ काही नाही. फेंडर कंपनीच्याच शिफारशीप्रमाणे नेहमीच्या मानेला आठव्या फ्रेटशी साधारण पाव मिलिमीटर बाक आणि सतराव्या फ्रेटवर तारेखाली १.६ मिलिमीटर अंतर असावे. फिलर गेज म्हटले ते यासाठी. पहिल्या गिटारच्या बजेटमध्ये सेटअपचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेत गिटार बघा. आठ हजार आणि दहा हजारांच्या गिटारींत जो फरक वाटतो तो पुष्कळदा एवढाच असतो की एकीचा नट जरा बरा कापला गेला आहे.

हाच मुद्दा तारांनाही लागू. जाणते लोक तासन् तास वाद घालतात: फेंडरच्या गिटारची वाजती लांबी २५.५ इंच, गिब्सनची २४.७५ इंच, म्हणून गिब्सनच्या घाटाची गिटार बोटाला मऊ. बरोबर आहे. एकाच जाडीच्या तारा एकाच सुरात लावल्या तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे या दोन लांबींत साधारण सहा टक्क्यांचा फरक पडतो. आता तारेची जाडी बघा. पहिली तार ०.०१० इंचाची असेल तर फेंडरच्या लांबीवर ताण सुमारे ७.३ किलो, तीच ०.००९ इंचाची लावली तर ५.९ किलो. एकोणीस टक्क्यांनी कमी. सहाही तारांचा मिळून ताण ४६ वरून ३८ किलोंवर येतो. भांडण सहा टक्क्यांवर चालू असते आणि एकोणीस टक्के काउंटरमागे काही शे रुपयांच्या पाकिटात लोंबत असतात. तारा बदलल्या की मानेवरचा ताण बदलतो आणि सेटअप पुन्हा बघावा लागतो, हे मात्र विसरू नका. तारा आधी ठरवा, सेटअप मग.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: आधी साधी, लाकडी पोटाची अकूस्टिक गिटार शिकावी, हात तयार झाला की इलेक्ट्रिक घ्यावी. हा सल्ला शिस्तीचा वाटतो म्हणून आईबाबांना आवडतो. पण वरचेच आकडे पुढे न्या. अकूस्टिकवर साधारणपणे पहिली तार ०.०१२ इंचाची असते आणि एकट्या तिचाच ताण साडेदहा किलोंच्या घरात जातो. वर तारा जरा उंचच बसवलेल्या असतात आणि तिसरी तार वरून बारीक तार गुंडाळलेली, जाड. म्हणजे सोप्या पायरीच्या नावाखाली आपण मुलाला जवळजवळ पावणेदोनपट ताणाशी झुंजायला लावतो. ज्याला लोकगीते, भजने, कट्ट्यावर बसून गाणी वाजवायची आहेत त्याने अकूस्टिक जरूर घ्यावी, कारण ते त्याचे वाद्य आहे. ज्याच्या डोक्यात इलेक्ट्रिकचा आवाज घुमतो आहे त्याला आधी दुसऱ्या वाद्याची कैद भोगायला लावण्यात काय मिळते, हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही. तबला शिकणाऱ्याला आधी दोन वर्षे ढोलकी वाजव असे आपण सांगत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जास्त गंभीर आहे: पोरगी सहा महिन्यांत सोडून देईल, मग चांगली कशाला? सोडणारे खरोखरच पुष्कळ असतात. फेंडरचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी यांनी जाहीरपणे सांगितले होते की पहिल्यांदा गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे नव्वद टक्के पहिल्या वर्षातच ती सोडून देतात. कंपनीने २०१७ मध्ये 'फेंडर प्ले' ही ऑनलाइन शिकवणी सुरू केली त्यामागे हेच गणित होते. पण या आकड्यावरून 'म्हणून वाईट गिटार घ्या' हा निष्कर्ष कसा निघतो? सोडणाऱ्यांतले किती जण वेळ नसल्यामुळे सोडतात आणि किती उंच नटमुळे, हे कुणी मोजलेले नाही. पण दुसरे कारण आपल्या हातात आहे, पहिले नाही. शिवाय सोडलीच तर काय, याचाही हिशेब करा. सगळे एकाच खोक्यात देणाऱ्या 'कॉम्बो'तली बिननावाची गिटार वर्षाने कुणी फुकटही नेत नाही. यामाहाची पॅसिफिका, फेंडरच्या घरातली स्क्वायर किंवा इबानेझ-कॉर्टची खालच्या श्रेणीतली गिटार बेंगळुरूसारख्या, लोक सतत येत-जात असलेल्या शहरात विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळते. नोकरी बदलून पुण्याला निघालेला इंजिनियर सगळ्यात आधी फ्रिज विकतो आणि मग गिटार. उलट बाजूने बघा, तर तुम्हालाही तिथेच चांगली वापरलेली गिटार मिळते. ती घेताना एक करा: मालकाला तुमच्यासमोर मानेतल्या सळईचा नट अलगद पाव फेरा फिरवायला सांगा. फिरत नसेल तर ती गिटार कितीही देखणी असो, नमस्कार करून निघा.

तिसरा आक्षेप थोरांच्या चरित्रांतून येतो. अमुक उस्ताद मोडक्या गिटारवर शिकले, तमुक स्टार दहा डॉलरच्या गिटारवर. यातली पहिली गफलत अशी की मोडक्या गिटारवर शिकताना ज्यांनी नाद सोडला त्यांची चरित्रे कुणी लिहीत नाही. दुसरी अधिक मजेदार आहे. 'क्वीन'च्या ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरातच गिटार बनवायला घेतली. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, ब्रिजला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, सूर थरथरवण्याच्या (ट्रेमोलोच्या) दांड्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा. खर्च सुमारे आठ पौंड. ही गोष्ट 'स्वस्तातही चालते' याचा दाखला म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण वडील इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर होते, आणि त्या दोघांनी सुमारे दोन वर्षे तिच्या एकेका सांध्यावर घालवली. स्वस्त होती, पण सदोष नव्हती. माझे म्हणणे यापेक्षा वेगळे नाही.

तर मग पहिली गिटार कशी असावी? साधी. मंचावर दिसणाऱ्या टोकदार, काळ्या गिटारवर बऱ्याचदा फ्लॉइड रोझ धाटणीचा तरंगता ब्रिज असतो: एका बाजूने तारा आणि दुसऱ्या बाजूने मागच्या स्प्रिंगा यांच्या रस्सीखेचीवर तोललेला. एक तार चढवली की ब्रिज कलतो आणि बाकीच्या पाच उतरतात. सरावलेल्या माणसाला हे जमते आणि हवेही असते. ज्याला अजून तार मिळवायलाच पाच मिनिटे लागतात त्याची संध्याकाळ यात संपते. स्थिर ब्रिजची गिटार घ्या. पिकअपच्या बाबतीत, ब्रिजकडे हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल अशी मांडणी पहिल्या वर्षाला बरी पडते, कारण आपल्याला नक्की कोणता आवाज आवडतो हे तेव्हा ठाऊक नसते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. वर पोलादी तार थरथरली की त्यात वीज उमटते. घरातल्या ५० हर्ट्झ विजेची घरघरही त्यात शिरते. सेथ लव्हरने १९५० च्या दशकात गिब्सनसाठी दोन वेटोळी उलटसुलट जोडून ती घरघर मारली, तो हंबकर. पीजीतल्या खोलीत, बाजूला लॅपटॉपचा चार्जर आणि वर डिमरचा दिवा असताना, या जुन्या शोधाची किंमत कळते. आणि तारांना हात लागताच झिणझिण्या आल्या तर वाजवणे तिथेच थांबवा. तो गिटारचा आवाज नव्हे, घराच्या अर्थिंगचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी इलेक्ट्रिशियन लागतो.

अ‍ॅम्पच्या बाबतीत खोक्यावरचे वॅट वाचून पायरी ठरवण्याची पद्धत तर अगदीच पोकळ. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. दहाऐवजी वीस वॅटचा घेतला तर कानाला 'थोडा मोठा' एवढेच वाटते. भाड्याच्या घरात तुम्ही एक वॅटही पूर्ण वापरणार नाही, मालक खालच्या मजल्यावर राहत असेल तर अर्धाही नाही. त्यापेक्षा हेडफोनची जागा असलेला, निरनिराळे आवाज देणारा छोटा डिजिटल अ‍ॅम्प बरा. रात्री अकराला वाजवता येणारी गिटार वाजवली जाते, येत नाही ती भिंतीला टेकून राहते.

दुसरी पायरी केव्हा येते, याला वर्षांचे माप नाही. ज्या दिवशी तुम्हाला तुमच्या गिटारची तक्रार नेमक्या शब्दांत सांगता येते त्या दिवशी ती येते: 'तिसरी तार ताणून सोडली की परत सुरात येत नाही', 'ब्रिजकडचा आवाज पातळ लागतो', 'पंधराव्या फ्रेटवर तार ताणली की मरते'. एवढे सांगता आले की बहुतेक तक्रारींना नवी गिटार लागत नाही. पहिलीला नटच्या खाचेत ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीचे शिसे; दुसरीला आवाजाच्या बटणाशी खेळणे, आणि नाहीच जमले तर नवा पिकअप; तिसरीला फ्रेट घासून एका पातळीत आणणे. पण नेमकी याच टप्प्यावर दुसरी गिटार घेण्याची साथ पसरते, आणि बहुतेक जण पहिलीसारखीच, फक्त महाग, घेऊन मोकळे होतात. ते मला सगळ्यांत वाया गेलेले पैसे वाटतात. इथे पारंगतांचा आक्षेप येतो: बाबा, चांगले वाद्य स्फूर्ती देते. देते, मान्य. नव्या गिटारबरोबर पहिले दोन महिने जास्त वाजवले जाते, हेही खरे. पण तेवढीच स्फूर्ती वेगळ्या जातीच्या वापरलेल्या गिटारने मिळते, आणि कानाला काही नवे शिकवून जाते. तिसरा मार्ग स्वस्तातला: या पायरीवर स्वतः सेटअप करायला शिका. बिघडेल, पुन्हा जुळवाल, आणि त्यानंतर दुकानात कुणी तुम्हाला फारसे फसवू शकणार नाही.

लाकडाबद्दलही बोलायला हवे, कारण दुसऱ्या पायरीवरचे लोक त्यातच अडकतात. गिटारच्या बोटपट्टीला लागणारी शिसव आपल्याच पश्चिम घाटातली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलच्या रोझवूडची आवक आटली तेव्हा मार्टिनसारख्या कंपन्यांनी भारतीय शिसवेकडे मोर्चा वळवला, आणि आज ती जगभर फिरून महाग होऊन आपल्याकडे परत येते. जानेवारी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले तेव्हा कारखान्यांनी दुसरी लाकडे वापरली, खरेदीदार हळहळले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाल्यावर 'पुन्हा शिसव' ही जाहिरात झाली. पण इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअपला ऐकू येते ती पोलादी तार. बोटपट्टी शिसवीची की दुसऱ्या लाकडाची, हे कळण्याइतका कान तयार झाला असेल तर तुम्हाला माझा सल्ला नको.

तिसऱ्या पायरीवर मी लांब बोलणार नाही, कारण तिथे कौशल्याची पातळी आणि किंमत यांचा संबंध जवळजवळ तुटतो. वाद्य संगीताच्या गरजेने वळवले जाते. एडी व्हॅन हेलनने कारखान्यात बाजूला काढलेले पन्नास डॉलरचे धड आणि ऐंशी डॉलरची मान जोडून, त्यात गिब्सनचा जुना हंबकर बसवून जी गिटार केली तिच्यावर त्याची कारकीर्द उभी राहिली. इकडे यू. श्रीनिवास यांनी मँडोलिनच्या जोडतारा काढून पाच सुट्या तारांचे इलेक्ट्रिक मँडोलिन घेतले, कारण कर्नाटक संगीताचे गमक जोडतारांवर निघत नव्हते. जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी 'शक्ती' या बँडच्या काळात बोटपट्टी फ्रेटांमध्ये खोलगट कोरून घेतली, मींड ओढायला. तशी कोरलेली गिटार नवशिक्याच्या हातात दिली तर जरासा जोर जास्त लागला तरी प्रत्येक सूर चढेल. त्यांच्यासाठी जे योग्य ते त्याच्यासाठी घातक. शिडीतली वरची पायरी खालच्यापेक्षा 'चांगली' असते हा समज इथे स्वतःहून गळून पडतो. गिब्सनची लेस पॉल बऱ्याचदा चार किलोंच्या वर जाते. दोन तास उभे राहून वाजवणाऱ्याची पाठ हा निर्णय घेते, त्याचे कौशल्य नव्हे.

आता दुकानात. ग्रीन लाइनची मेट्रो यशवंतपुरातून थेट शहरात नेते, तेव्हा फोटो पाहून मागवण्याची घाई करू नका. ऑनलाइन दीड हजार वाचतात आणि सेटअपमध्ये तेवढेच जातात. गिटार अंगावर पट्ट्याने लटकवून उभे राहा आणि हात सोडा. डोके जमिनीकडे झुकत असेल तर रोज तो भार डाव्या हाताला पेलावा लागेल. मग अ‍ॅम्पला न जोडता पहिल्या तारेपासून सुरुवात करून एकेक फ्रेट शेवटपर्यंत वाजवा. सहा तारा, बावीस फ्रेट, एकशे बत्तीस सूर; पाच-सात मिनिटे लागतात आणि दुकानदार कंटाळतो. कुठे तार भणभणते, कुठे सूर आधीच्याचाच लागतो, ते लिहून घ्या. बाराव्या फ्रेटवर तार हलकेच स्पर्शून काढलेला सूर आणि दाबून काढलेला सूर ट्यूनरवर एकच येतो का पाहा. प्रत्येक तार जोरात ताणून सोडा आणि पुन्हा ट्यूनर बघा. मग तळवा मानेच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. फ्रेटची टोके बोचत असतील तर लाकूड आकसले आहे आणि धातू जागेवरच राहिला आहे. ही शेवटची तपासणी पावसाळ्यात दगा देते. जून ते ऑक्टोबर हवा दमट, लाकूड फुगलेले, टोके गुळगुळीत. तेव्हा खरेदीसाठी फेब्रुवारी-मार्च गाठा, आणि दिवाळीच्या आधीच घ्यायची असेल तर दुकानदाराकडून फेब्रुवारीत एकदा फ्रेटची टोके घासून देण्याचे बिलावर लिहून घ्या.